अर्बाबांची नरम काडतुसं

१६ सप्टेंबर २०२४, सोमवार. बरका, ओमान.

गणपती करून परवा परत आलो. बॅग उघडली तर कपड्यांच्या घडीत ही वही. बायकोचं, प्रभावतीचं काम. निघायच्या आदल्या दिवशी म्हणत होती, "काडतुसांची वही एवढी नेमाने लिहिता, माणसांबद्दल कधी चार ओळी लिहिल्यात का?" मी म्हटलं, माणसं काट्यावर ठेवून मोजता येत नाहीत. ती हसली नाही. तीस वर्षांत तिला माझा एकही विनोद आवडलेला नाही. तर लिहितो.

मागे खजुराची बाग, पुढे नेमबाजीची रेंज आणि मधे माझं वर्कशॉप. कागदोपत्री मी आर्मरर, मुळात संगमेश्वरकडचा फिटर. नासिर अर्बाबांनी (इथे मालकाला अर्बाब म्हणतात) सरकारी परवाना घेऊन हा छोटा क्लब काढला त्या वर्षी मी आलो, त्याला एकोणीस वर्षं झाली. मेंबरांची स्पर्धेची पिस्तुलं नीट करायची आणि काडतुसं हाताने भरायची, हे माझं काम. पुंगळी, टोपी, मोजलेली दारू, वर गोळी. गावात "दिवसभर दारू मोजतो" म्हटलं की लोक डोळा मारतात, म्हणून मी सांगायचंच सोडून दिलंय.

आज सकाळी अर्बाब आले. सुट्टी कशी झाली, आईचे गुडघे कसे आहेत, सगळं विचारलं आणि मग पिस्तूल माझ्यापुढे ठेवलं. "बरकाश, ये बिस्तूल बुड्ढा हो गया. लात मारता है." मी जयप्रकाश. अरबांच्या तोंडात प बसत नाही, त्यामुळे एकोणीस वर्षं मी बरकाश आहे.

जानेवारीत रुस्ताकची स्पर्धा. बावीस वर्षांत एकही वर्ष चुकलेलं नाही. दरवर्षीची निकालाची यादी चौकटीत घालून क्लबच्या भिंतीला लावलेली आहे, प्रत्येकीत त्यांचं नाव. कधी पहिलं, कधी सहावं, पण आहे. एकसष्टाव्या वर्षी तेविसावी यादी लावायची त्यांची इच्छा आहे. "उसके बाद खलास," म्हणाले. दरवर्षी म्हणतात.

२४ सप्टेंबर, मंगळवार

दारू थोडी कमी केली, गोळी जरा जड घेतली. अशाने धक्का मऊ होतो, बुक्की न बसता कोणी हाताने ढकलल्यासारखं वाटतं असं नेमबाज सांगतात. पण दारू वाटेल तितकी कमी करता येत नाही. स्पर्धेत पंच आपल्या डब्यातली काडतुसं स्वतः उचलतात, गोळीचं वजन करतात, वेग मोजतात आणि त्यांच्या गुणाकाराचा एक आकडा काढतात. तो एकशे पंचवीसच्या वर हवा. खाली गेला तर खेळाडूने कितीही चांगलं मारलेलं असो, गुण मिळत नाहीत. अर्बाबांचं काडतूस इतकी वर्षं एकशे पस्तीसचं होतं. मी बत्तीसवर आणलं.

दारू कमी झाली की पिस्तुलाची वरची सरकती पट्टी, म्हणजे स्लाइड, जोरात मागे जात नाही, मग आतली स्प्रिंगही हलकी लागते. फार हलकी केली तर स्लाइड नीट मिटत नाही. मला या खेळात जेवढी मजा येते तेवढी दुसऱ्या कशात येत नाही, हे प्रभावतीला सांगू नये.

अर्बाबांनी दोन मॅगझिन झाडून पाहिली. मान हलवली. "और नरम."

३ ऑक्टोबर, गुरुवार

एकशे तीस. स्प्रिंग आणखी एक नंबर खाली. अर्बाबांना स्लाइड ओढायलाही हलकी हवी आहे. म्हणतात, हातात घाम असतो, सटकते. मी स्लाइडवर खाचा पाडून दिल्या. झकास दिसतात.

एक गोष्ट लक्षात आली. अर्बाब गहवा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, कमी पितात हल्ली. रोज सकाळी ते वर्कशॉपात आले की थर्मासमधून मी त्यांना ओततो, ही आमची रीत. इथे फिंजान म्हणजे ती बिनकानाची वाटी उजव्या हातात घेतात. ओतणारा उभाच असतो आणि वाटी रिकामी झाली की पुन्हा ओततो. पुरे झालं की पिणारा वाटी जराशी हलवतो, म्हणजे घेऊन जा. तोंडाने काही बोलायचं नाही. पूर्वी अर्बाबांचे तीन फिंजान ठरलेले होते. आता पहिला संपला की हलवतात. मी घेऊन विसळतो. डॉक्टरने साखर सांगितली असेल आणि खजूर सुटत नाही म्हणून गहव्यावर राग काढत असतील.

१३ ऑक्टोबर, रविवार

डोक्याला ताप. पिस्तूल अडकायला लागलं. दहा-बारा गोळ्यांत एकदा रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी स्लाइडच्या तोंडात उभी राहते. माझ्या हातची बंदूक अडकते हे मेंबरांनी पाहिलं. सगळ्यांसमोर मान खाली गेली.

पुंगळी काढणारा हुक बदलला. मॅगझिनच्या स्प्रिंगा बदलल्या. नळी चकचकीत केली. पुन्हा तेच. आणखी हलकी स्प्रिंग टाकली, अडकणं वाढलं. जड टाकली तर अर्बाब म्हणतात, ओढवत नाही.

अर्बाब रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मा फी मुश्किल, बरकाश. कल देखेगा." काही हरकत नाही, उद्या बघू, अशी माझी समजूत घातल्यासारखं. मला समजावायला मी काय पोर आहे?

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आज अर्बाबांची मुलगी जुवैना आली होती. मस्कतला फार्मसिस्ट आहे, लग्नाआधी स्वतः छान मारायची. मीच म्हटलं, बेटी, जरा चाळीस गोळ्या मारून बघ, कुठे अडकतं ते मला बाजूने बघू दे. तिने सलग चाळीस मारल्या. एकही अडकली नाही. पुंगळ्या एका जागी, उजवीकडे दोन हातांवर, ओळीने पडल्या. माझा आनंद गगनात मावेना. म्हटलं, बघ, बंदूक बरी झाली!

तिने पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं. "बंदूक तो ठीक है, अंकल," म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. बराच वेळ बसली होती. ऑक्टोबर आला तरी ऊन कमी नाही आणि एसीत काम करणाऱ्या माणसाला रेंजवर उभं राहणं जमत नाही. मी पाण्याची बाटली नेली तर काच खाली न करता हातानेच नको म्हणाली.

दुपारी अर्बाबांनी त्याच डब्यातल्या तीस मारल्या. पाच वेळा अडकलं. मी हात टेकले.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. खोलीवर एकटाच. इक्बालने मस्कतजवळच्या अल मवालेहच्या बाजारातून झेंडूची फुलं आणि एक नारळ पाठवला. हा दापोलीचा, मवालेहला भाजीचा घाऊक धंदा करतो. दर दिवाळीला नारळ पाठवतो आणि दर ईदेला माझ्याकडून चकल्या मागतो, चकल्या ईदेला कुठून येणार ते तोच जाणे.

प्रभावती फोनवर म्हणाली, "आवाज का उतरलाय?" म्हटलं, स्प्रिंग बसत नाहीये. ती म्हणाली, "चार स्प्रिंगांपायी सणाचं तोंड पाडून बसता होय?" बरोबर आहे तिचं. पण इतक्या वर्षांत मला सुटलं नाही असं काही नव्हतं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज एक मानाची गोष्ट. अर्बाब आपली मॅगझिन कोणालाही भरू देत नाहीत. सैन्यात होते, तिथली सवय. आज त्यांनी चारही मॅगझिन माझ्यापुढे सरकवली. "तुम भरो." एकोणीस वर्षांनी एवढा विश्वास! मी एकेक काडतूस पुसून भरलं.

नंतर मी मागच्या दाराने वर्कशॉपात आलो तर अर्बाब एकटेच बसले होते आणि डाव्या हाताने गहवा पीत होते. इथे डाव्या हाताने कोणी खात-पीत नाही, पोरांनाही त्याबद्दल रागावतात. माझी चाहूल लागताच फिंजान खाली ठेवला. मी पाहिलंच नाही असं दाखवलं. माणूस आपल्याच जागेत एकटा असताना काय करतो त्याच्याशी आपल्याला काय करायचंय.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काय लिहू आणि कसं लिहू.

इक्बाल बरक्याला मासळी बाजारात आला होता, येता येता मला भेटायला वर्कशॉपात आला. अर्बाब होते. त्यांनी त्याला बसवून घेतलं. मी दोघांना गहवा ओतला. अर्बाबांचा फिंजान संपला, हलला, मी घेतला. इक्बालने दोन घेतले. कांद्याचे भाव, पाकिस्तानचे बटाटे, सगळं बोलणं झालं. अर्बाब नमाजला गेले.

इक्बाल मला म्हणाला, "जयप्रकाश, तू त्याचा फिंजान का काढून घेतलास रे?"

म्हटलं, हलवला ना त्यांनी.

"हलवला नाय, हलला. हात थरथरतोय त्याचा. तू वाटी घेतलीस तेव्हा तो थर्मासकडे बघत व्हता. त्याला अजून पायजे व्हती."

मी म्हटलं, काहीतरीच काय.

"माझ्या बापाला हेच झालेला," इक्बाल म्हणाला. "आधी बटन लागंना. मग कुलूप उघडंना. चार वर्षं काढली आमी. नसांचा रोग हाय तो. हातात जोर नाय ऱ्हात आणि त्याला औषध नाय, हाय तेवढा टिकवून धरायचा फकस्त. तू रोज बघतोस आणि तुला दिसला नाय?"

तो गेला. मी विसळलेला फिंजान पुन्हा विसळला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी आहे. काडतुसांची वही काढून सप्टेंबरपासूनची पानं वाचली. स्प्रिंग बदलली. हुक बदलला. नळी घासली. प्रत्येक पानावर माझी हुशारी.

मनगटाने घट्ट धरलं नाही तर चांगली बंदूकही अडकते. स्लाइडला मागे जायला मागे कोणीतरी ठाम उभं लागतं. ही गोष्ट या धंद्यातल्या नवख्यालाही ठाऊक असते, मला ठाऊक नव्हती असं मी म्हणू शकत नाही. जुवैनाच्या हातात चाळीसच्या चाळीस गेल्या तेव्हाच कळायला हवं होतं. तिला कळलं होतं. ती गाडीत उगाच नव्हती बसली.

आणि खरं सगळ्यात जे टोचतंय ते बंदुकीचं नाही. दोन महिने रोज सकाळी त्या माणसाला गहवा हवा होता आणि मी त्याच्या हातातून वाटी काढून घेत होतो. तोंडाने मागितलं तर हात कापतो हे कळलं असतं, म्हणून तो गप्प बसला. मला रडू आलं. लिहून ठेवतो, प्रभावतीने वाचलं तर वाचू दे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आज अर्बाबांचा फिंजान हलला तरी मी घेतला नाही. त्यांच्या हातात असतानाच अर्धा ओतला, म्हणजे सांडायला नको. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्यायले. पुन्हा ओतला. प्यायले. तिसराही प्यायले. मग वाटी स्वतःच टेबलावर ठेवली.

"किसने बोला?"

मी म्हटलं, कोणी नाही अर्बाब, मीच पाहिलं. एवढी एक थाप मारली.

त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. अंगठा हलत होता, तसबीचे, जपमाळेचे मणी सरकवल्यासारखा. दीड वर्ष झालं म्हणाले. मस्कतला दाखवलं, हैदराबादला दाखवलं. घरात जुवैनाला ऑक्टोबरात कळलं, बाकी कोणाला नाही. डॉक्टर म्हणाले या हंगामानंतर नेमबाजी विसरा.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? मी वेड्यासारखा स्प्रिंगा बदलत बसलो.

अर्बाब म्हणाले, "तुम रोज सुबह बोलता था, अर्बाब आज ठीक होगा. नया सब्रिंग डाला, आज ठीक होगा. हमको भी लगता था, बरकाश. शायद सब्रिंग ही है."

मग उठले. दारात थांबून म्हणाले, "रुस्ताक जाएगा. काडतूस एक सौ तीस. कानून से ऊपर, अच्छा ऊपर. उससे नीचे नहीं. बाकी हमारा काम है. रहम नहीं करना."

इन्शाल्ला म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

१० डिसेंबर, मंगळवार

मनगटाला बांधायला चामड्याचा पट्टा शिवला. स्पर्धेच्या नियमात बसतो का ते जुवैनाने विचारून घेतलं, बसतो. मुठीला खरखरीत कागद लावला. दुपारी सराव करतो, सकाळी त्यांचा हात फार ताठलेला असतो. बारानंतर जरा सैल पडतो.

एकशे तीसच्या काडतुसाने तिसाव्या गोळीला पिस्तूल त्यांच्या हातात उलटंच फिरल्यासारखं झालं. अर्बाबांनी धरलं, बोट घोड्यावरून बाजूला होतं, कोणाला काही झालं नाही. पण चेहरा पांढरा पडला. माझाही. त्यानंतर त्यांनी नेम न धरता उरलेल्या गोळ्या मातीच्या बांधात संपवल्या. मी बघत उभा राहिलो. बघण्यावाचून माझ्या हातात काही नाही. एवढी हत्यारं टेबलावर आहेत, काटा आहे, गेज आहे, आणि माणसाच्या एका मनगटात घालता येईल असं काही त्यात नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

मी एक गोष्ट केली आहे. अर्बाबांना सांगितलेली नाही.

एकशे सत्तावीस. डब्यावर लिहिलं आहे तीस. तीन अंकांनी कोणाचं काय बिघडतं? नियमाच्या वरच आहे. एका मेंबराकडून पाच वेळा वेगाच्या मशीनवर झाडून घेतलं, सत्तावीसच्या खाली एकही नाही.

धक्का कमी झाला, मनगट तेवढं टिकलं. आज साठ गोळ्यांत दोनदाच अडकलं.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

आज एकदाही नाही! एकशे वीस गोळ्या, एकदाही नाही. लोखंडी पाट्या टणाटण पडल्या. अर्बाब पूर्वीसारखे हसले, बाजूच्या रांगेतल्या मेंबरला चिडवलं, "तुम जवान लोग सीखो." मला म्हणाले, "एक सौ तीस भी नरम लगता है अभी. हाथ को आदत हो गया."

मी मूग गिळून बसलो. पण पोटात गोड वाटलं, हे खरं. त्यांना बरं वाटतंय ते माझ्यामुळे, आणि ते त्यांना कळायचं काही कारण नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

पहाटे निघालो. जुवैना गाडी चालवत होती, अर्बाब पुढे, मी मागे डबे घेऊन. गोठवून बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटल्यांचा थर्माकोलचा खोका माझ्या पायाशी, आणि काडतुसं त्याच खोक्यात, वरच्या बाजूला. नेहमीच तशी नेतो. इथे वर्षाचे नऊ महिने गाडीच्या डिकीत दारू तापून वेग वाढतो, धक्का वाढतो. उन्हापासून काडतूस जपायचं, हे मला एकोणीस वर्षांत इतकं अंगवळणी पडलंय की खोका भरताना मी विचारसुद्धा केला नाही.

रुस्ताकला डोंगराच्या पायथ्याशी थंडी होती. लोक शाली घेऊन उभे होते. मला तेव्हाही सुचलं नाही.

सकाळी साडेसातला पंचांनी अर्बाबांच्या डब्यातून काडतुसं उचलली. हाताला गार लागली म्हणून एकाने बोटं चोळली, ते मी पाहिलं. एक गोळी काढून तोलली, तीन अर्बाबांच्याच पिस्तुलातून वेगाच्या मशीनवर झाडली. कागदावर गुणाकार केला. पुन्हा तीन झाडली. पुन्हा गुणाकार केला. मग पंच अर्बाबांकडे आला आणि अदबीने कागद दाखवला.

एकशे चोवीस पूर्णांक एक.

थंड दारू हळू जळते. उन्हात तापते तेवढीच थंडीत मंदावते, यात शिकण्यासारखं काही नाही. तीसचं काडतूस असतं तर सत्तावीस आलं असतं. पूर्वीचं पस्तीसचं असतं तर बर्फात पुरून नेलं असतं तरी चाललं असतं. माझे तपासाचे सगळे आकडे दुपारी बाराचे, पत्र्याच्या छपराखालचे, खिडकीत ठेवलेल्या डब्यांचे. मी तीन अंक चोरले आणि तेच तीन आज वाचवणारे होते.

पंच म्हणाला, शेख, गुण धरता येणार नाहीत, पण तुमची इच्छा असेल तर खेळा. बावीस वर्षं त्यांना ओळखणारी माणसं आजूबाजूला उभी होती आणि सगळी दुसरीकडे बघत होती.

अर्बाब म्हणाले, खेळणार.

सहाही फेऱ्या खेळले. पट्टा बांधलेल्या हाताने, हळूहळू, एकेक पाटी. एकदाही अडकलं नाही. शेवटच्या फेरीत तर दोन्ही दूरच्या पाट्या पहिल्या गोळीत पाडल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहीत गुण लिहिणारा पेन मिटून उभा होता.

संध्याकाळी निकालाची यादी लागली. चौतीस नावं. मी तीनदा वाचली.

परतताना बरक्यात आमच्या फाट्याला वळल्यावर अर्बाबांनी पुढे बघतच विचारलं, "कितना रखा था?"

"सत्ताईस."

"हम कितना बोला था?"

"तीस."

जुवैनाने गाडी बाजूला घेतली, का ते माहीत नाही. अर्बाब म्हणाले, "तीस से बिस्तूल गिरता तो हम गिरता, बरकाश. हमारा हाथ गिरता. तुमने क्यों गिराया?"



१८ जानेवारी, शनिवार

अर्बाब आले नाहीत. थर्मास भरलेला तसाच.

१९ जानेवारी, रविवार

आले नाहीत. प्रभावतीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माया केलीत, पण त्यांना विचारून करायची होतीत." मी म्हटलं, विचारलं असतं तर नको म्हणाले असते. ती म्हणाली, "मग नाही करायची."

२० जानेवारी, सोमवार

सकाळी दहाला अर्बाब आले. जुवैना बरोबर होती. मी उभा राहिलो. माफी मागायला शब्द जुळवून ठेवले होते, त्यांनी हात वर करून थांबवलं. हात वर फार राहिला नाही.

"दस काडतूस बनाओ. एक सौ पैंतीस. बुराना वाला. हमारे सामने."

मी बनवली. ते स्टुलावर बसून बघत होते. प्रत्येक वेळी दारू काट्यावर टाकली की आकडा मी त्यांच्याकडे वळवून दाखवला, त्यांनी मान डोलावली. दहा झाली. जुनी जड स्प्रिंग घातली. स्लाइड त्यांना ओढवली नाही, जुवैनाने ओढून दिली.

रेंजवर दुसरं कोणी नव्हतं. अर्बाबांनी पिस्तूल उचललं. मोठ्या कष्टाने खांद्याइतकं वर नेलं आणि ते खाली आलं. पुन्हा नेलं, पुन्हा आलं. जुवैना पुढे व्हायला लागली तर म्हणाले, "तुम नहीं." मग मला म्हणाले, "बरकाश. बकड़ो."

एकोणीस वर्षांत मी लाखांनी काडतुसं भरली असतील, पण बंदूक चालवायचा परवाना मला नाही. धक्का नरम आहे की कडक, हे मला नेहमी दुसऱ्यांनी सांगितलेलं. मी त्यांच्या मागे उभा राहिलो आणि दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. हाडं लागली हाताला. बिस्मिल्ला म्हणून त्यांनी घोडा दाबला.

आवाज झाला, पुढची पाटी पडली. धक्का त्यांच्या मनगटातून माझ्या हातात आला आणि कोपरापर्यंत पोचायच्या आत संपलासुद्धा. एवढासाच. या एवढ्यासाठी मी चार महिने दारू कमी करत होतो. तो येऊन गेला, पिस्तूल जागेवर आलं, पुंगळी वाळूत पडली, आणि हात माझ्या मुठीत थरथरतच राहिला. मी आणखी घट्ट धरला. थांबला नाही. जेवढा जोर होता तेवढा लावला, तरी आतून हलतच होता.

"छोड़ना नहीं," अर्बाब म्हणाले. "अभी नौ बाकी है."